चौथं वर्ष ऑनर्सचं घ्यायचं का? आधी हिशोब मांडू

टीवायचं पाचवं सेमिस्टर सुरू झालं की आमच्या स्टाफरूमच्या दारात पोरं घुटमळायला लागतात, आणि मागोमाग पालकांचे फोन. परवा एका मुलीच्या वडिलांचा आला. शेतकरी माणूस, इकडचं तिकडचं काही नाही, थेट मुद्द्यावर. “मॅडम, ते चार वर्षाचं ऑनर्स केलं की एक वर्ष वाचतंय म्हणे?” मी म्हटलं, नाही वाचत. तिकडं जरा वेळ गप्प. मग म्हणाले, “मग करायचं कशाला?”

फोनवर काय सांगणार, मी म्हटलं शनिवारी पोरीला घेऊन या. आले. दीड तास बसलो, त्यात जे बोलणं झालं तेच इथं लिहितेय, कारण हेच मी आत्तापर्यंत पंधरा-वीस जणांना तोंडी सांगून झालंय आणि घसा बसलाय. मी तालुक्याच्या गावातल्या एका ऑटोनॉमस कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे उदाहरणं सगळी बीएस्सीची येतील, पण बीए बीकॉमवाल्यांनाही ऐंशी टक्के तेच लागू आहे.

आधी नियम काय आहे ते. युजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, डिसेंबर २०२२ मध्ये डिग्रीचा नवा आराखडा काढला, आणि महाराष्ट्रात तो ऑटोनॉमस कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आला. म्हणजे जे पोरगं २०२४ ला साध्या संलग्न कॉलेजात एफवायला होतं त्याच्यासमोर हा प्रश्न २०२७ च्या उन्हाळ्यात येणार. तीन वर्षं करून किमान १२० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मोजतात ते) झाले की नेहमीची डिग्री घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं की किमान १६० क्रेडिट आणि डिग्रीवर ऑनर्स. आपल्याकडे सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट असतात म्हणून हे आकडे १३२ आणि १७६ पर्यंत जातात, गोंधळू नका.

चौथ्या वर्षाचे पण दोन प्रकार आहेत आणि इथं निम्मी पोरं चुकतात. एक साधं ऑनर्स, ज्यात जास्तीचे पेपर. दुसरं ऑनर्स विथ रिसर्च, ज्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प, गाइड, प्रबंध, तोंडी परीक्षा असं सगळं. दुसऱ्यासाठी पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात, आपल्याकडे ते साडेसात सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची दहापैकी सरासरी, असं मोजतात. पहिल्यासाठी ती अट नाही. “मॅडम मला ऑनर्स मिळालं” असं कोणी सांगत आलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठलं?

आता तो वर्ष वाचण्याचा घोळ. तीन वर्षांची डिग्री आणि मग दोन वर्षांची एमएस्सी, झाली पाच. चार वर्षांचं ऑनर्स आणि मग एक वर्षाची एमएस्सी, झाली पाच. म्हणजे बेरीज तीच. कागदोपत्री ऑनर्सचं चौथं वर्ष आणि एमएस्सी पार्ट वन हे एकाच लेव्हलला धरलेत, ६.० म्हणतात त्याला, आणि रिसर्च मेथडॉलॉजीचा ४ क्रेडिटचा पेपर दोन्हीकडे आहे, बऱ्याच ठिकाणी बाकीचे पेपरसुद्धा तेच किंवा जवळपास तेच असतात. एवढंच काय, दोन वर्षांच्या एमएस्सीत पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलात तर पीजी डिप्लोमा हातात मिळतो.

म्हणून मी पोरांना सांगते की ऑनर्स चांगलं का वाईट हा प्रश्नच डोक्यातून काढून टाका. तुम्ही ठरवताय ते एवढंच की शिक्षणाचं चौथं वर्ष कुठं काढायचं, ह्याच कॉलेजात ह्याच मास्तरांच्या हाताखाली की बाहेर एखाद्या विद्यापीठाच्या विभागात. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं होतं, कारण मग तुम्ही डिग्रीच्या नावाकडे बघणं सोडून लॅबकडे, लायब्ररीकडे, गाइडकडे आणि खिशाकडे बघायला लागता.

मध्येच एक सांगते, इंजिनिअरिंगवाल्यांचं ऑनर्स वेगळं. तिथं वर्ष वाढत नाही, त्याच चार वर्षांत १८-२० क्रेडिट जास्तीचे घ्यायचे, डेटा सायन्स किंवा सायबर सिक्युरिटी असलं काहीतरी. त्यामुळे चुलतभाऊ म्हणाला ऑनर्स घे फुकट मिळतं, तर तो दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलतोय. घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ह्या दोन ऑनर्सवरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत.

तर पहिलं काम, पुढं काय करायचंय ते एका ओळीत लिहा. खरंच कागदावर लिहा. लिहिता येत नसेल तर ते पण उत्तरच आहे, त्याकडे नंतर येते.

एमबीए, एमसीए, एलएलबी ह्यातलं काही लिहिलं असेल तर चौथं वर्ष घेऊन वेळेचा फायदा शून्य. दोन वर्षांचं एमबीए तुम्ही तीन वर्षांची डिग्री घेऊन गेलात तरी दोन वर्षांचं आणि चारची घेऊन गेलात तरी दोनच वर्षांचं, लॉचं तीन वर्षांचं ते तीनच. म्हणजे इथं तुमचं एक वर्ष सरळ जास्त जाणार. बीबीए बीसीएच्या पोरांनी हे दोनदा वाचा, कारण त्यांच्यातले बहुतेक पुढं एमबीए एमसीएच करतात.

एमपीएससी यूपीएससी लिहिलं असेल तर मान्यताप्राप्त विद्यापीठाची कुठलीही डिग्री चालते, तीन वर्षांची पुरते, ऑनर्सला जास्तीचे मार्क नाहीत. यूपीएससीला वयाची किमान अट २१ आहे आणि काही पोरं टीवाय संपवून विसाव्या वर्षीच मोकळी होतात, ती म्हणतात तोवर चौथं वर्ष करतो. ठीक आहे, पण मग साधं ऑनर्स करा. रिसर्चवालं घेऊन प्रकल्प आणि अभ्यासिका एका वेळी ओढायचा प्रयत्न करू नका. आमच्या पहिल्या बॅचमधला एक मुलगा हेच करतोय, चांगला हुशार मुलगा आहे, पण लॅबमध्ये येतो तेव्हा ॲप्रनच्या खिशात चालू घडामोडींचं पुस्तक असतं आणि रिफ्लक्स (द्रावण उकळत ठेवायची मांडणी) लावून तो वाचत बसतो. एकदा कंडेन्सरचं पाणी बंद पडलेलं त्याला कळलंच नाही, सगळं सॉल्व्हंट उडून गेलं, तीन दिवसांचं काम गेलं. मी रागावले खरी, पण चूक त्याच्यापेक्षा आमची जास्त आहे, मार्क बघून आम्हीच त्याला म्हटलं होतं घे म्हणून.

आयआयटीत एमएस्सी करायची असेल, म्हणजे जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन, तर तिथली एमएस्सी दोन वर्षांची आहे आणि तिला तीन वर्षांची डिग्री चालते. ऑनर्स करून जॅम दिली तर चार अधिक दोन, सहा झाली. अशा पोरांनी टीवायलाच जॅमला बसावं, फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. लागली तर जा, नाही लागली तर चौथं वर्ष आहेच. हा मला सगळ्यात शहाणा मार्ग वाटतो आणि दर वर्षी आठ-दहा जणांना सांगते, त्यातले दोघं फॉर्म भरतात.

आता जिथं चौथ्या वर्षाला खरंच वजन आहे त्या दोन जागा. एक पीएचडी. युजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या डिग्रीला एकूण ७५ टक्के असतील तर मास्टर्स न करता थेट पीएचडीच्या प्रवेशाला बसता येतं, एससी, एसटी, नॉन क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग, ईडब्ल्यूएस ह्यांना ५ टक्के सूट आहे. जून २०२४ पासून नेट ह्या पात्रता परीक्षेला पण चार वर्षांवाले बसू शकतात, जेआरएफसाठी (संशोधनाची शिष्यवृत्ती) आणि पीएचडी प्रवेशासाठी, शेवटच्या सेमिस्टरला असतानाच. जेआरएफ लागली तर २०२३ पासूनच्या दरानं महिन्याला ३७,००० रुपये, वर घरभाडं. एकवीस-बावीसाव्या वर्षी हे मिळणं म्हणजे काय हे ज्याच्या घरी सोसायटीचं कर्ज आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

पण ह्यात दोन खाचा आहेत. पहिली अशी की ७५ टक्के हे चारही वर्षांचे एकूण लागतात. सहा सेमिस्टरला ७६ आणून रिसर्चला प्रवेश घेतला आणि सातव्या-आठव्याला घसरलात तर डिग्रीवर ऑनर्स विथ रिसर्च असेल पण पीएचडीचं दार बंद, मग मास्टर्स करून पुन्हा त्याच दारात यायचं. दुसरी खाच आमच्या पोटापाण्याची. कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायचं तर २०१८ च्या नियमांप्रमाणे मास्टर्स ५५ टक्क्यांनी लागते. चार वर्षांच्या डिग्रीवर नेट दिली तर ती सहायक प्राध्यापकासाठी धरत नाहीत. त्यामुळे ज्याला ज्याला कॉलेजात शिकवायचंय त्यानं मास्टर्स सोडायची नाही, थेट पीएचडी कितीही आकर्षक वाटू दे.

दुसरी जागा परदेश. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांना मास्टर्ससाठी शाळेपासून सोळा वर्षांचं शिक्षण हवं असतं, बारावी अधिक तीन केलं की पंधराच होतात आणि तिथं अडतं, मग पोरं इथं एमएस्सी करून जातात. बारावी अधिक चार, सोळा. ब्रिटनमध्ये तसं नाही, तिथं तीन वर्षांची डिग्री चालते. म्हणजे फक्त “फॉरेनला जायचंय” असं लिहून भागत नाही, कुठला देश, कुठली विद्यापीठं, त्यांच्या प्रवेशाच्या पानावर काय लिहिलंय ते स्वतः उघडून वाचायचं. एजंटला विचारू नका, एजंट सगळ्याला हो म्हणतो.

आणि जो काहीच लिहू शकला नाही त्याच्यासाठी. “काय करायचं कळत नाही म्हणून चौथं वर्ष करतो” हे मला निम्म्या फॉर्ममागे दिसतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, वीस वर्षाच्या पोराला सगळं कळलेलं असावं असा काही नियम नाही. पण मग निदान हे लक्षात घ्या की डिग्री घेऊन बाहेर पडलात तरी परत यायचा रस्ता असू शकतो, तो किती वर्षांच्या आत ते आधी ऑफिसात लेखी विचारा. एक वर्ष कुठं नोकरी करून बघा, गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये, एमआयडीसीतल्या कंपनीत क्यूसीला (माल तपासणीला), आणि मग ठरवा. घरी हे पटवणं अवघड आहे, मला माहितीये, विशेषतः मुलींना, कारण शिक्षण थांबलं की स्थळं सुरू. काही मुली चौथं वर्ष केवळ त्यासाठी घेतात आणि खरं सांगू का, त्यांना मी एका शब्दानं अडवत नाही.

आता दुसरं काम, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आपला विभाग तपासायचा. पोरं तीन वर्षं त्याच लॅबमध्ये काढतात पण तिच्याकडे गिऱ्हाइकाच्या नजरेनं कधी बघत नाहीत. शेळी घ्यायची तर तिचे दात बघतो आपण, आणि इथं अख्खं वर्ष द्यायचंय.

ऑनर्स विथ रिसर्च चालवायचं तर युजीसीनं विभागाकडून अपेक्षा ठेवली आहे की किमान दोन कायमस्वरूपी शिक्षक पीएचडीचे मान्यताप्राप्त गाइड असावेत, शिवाय लॅब, लायब्ररी, जर्नल, कॉम्प्युटर ह्यांची सोय असावी. कायमस्वरूपी हा शब्द लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे कितीतरी विभाग सीएचबीच्या शिक्षकांवर चालतात, तासाचे पैसे घेऊन चार कॉलेजं फिरणारे, त्यातले काही इतके उत्तम शिकवतात की आम्ही लाजावं. पण ते पुढच्या जूनला इथं असतील का हे त्यांनाच माहीत नसतं. तुमचा प्रकल्प अर्धवट असताना गाइड निघून गेला तर तुम्ही काय करणार? विचारा सरळ. “सर, तुम्ही पुढच्या वर्षी आहात ना?” हे विचारायला संकोच वाटतो पण चांगल्या शिक्षकाला ह्याचा राग येत नाही.

मग गाइडला विचारा, तुमच्याकडे ह्या वर्षी किती जण आहेत, त्यांचे विषय काय आहेत. आधीच्या एखाद्या मुलाचा प्रकल्प बघायला मागा, एमएस्सीचा असला तरी चालेल, आणि आकडे बघा. सगळी रीडिंग एकाच आठवड्यातल्या तारखांची असतील तर समजून घ्या काय झालंय. प्रॅक्टिकलच्या हिशोबानं एक क्रेडिट म्हणजे तीस तास, म्हणजे १२ क्रेडिटचा प्रकल्प ३६० तासांचा झाला. आठवड्याला बारा तास धरले तरी तीस आठवडे. ह्या तासांना लॅब उघडी असते का? आमच्याकडे लॅब असिस्टंट साडेपाचला किल्ली लावतो, त्याला गावची शेवटची गाडी पकडायची असते, त्याचं बरोबरच आहे. पण मग संध्याकाळी काम करायचं ठरवलेल्या मुलानं काय करायचं?

शनिवारी मी त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना लॅबमध्ये नेऊनच दाखवलं. म्हटलं तुम्ही पैसे देणार, बघून घ्या. स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावणातून किती प्रकाश जातो ते मोजतो) आहे आमच्याकडे, चांगला, पण त्याचा यूव्हीचा दिवा दिवाळीपासून गेलाय आणि नव्या दिव्याचं कोटेशन ऑफिसात फिरतंय. वडिलांनी त्यावरचं प्लास्टिकचं कव्हर उचलून बघितलं, जसं ट्रॅक्टरचं बॉनेट उघडून बघतात तसं, आणि विचारलं, “मग ह्याच्यावाचून हिचं कुठं अडेल का?” अख्ख्या अॅडमिशन कमिटीनं मला इतका नेमका प्रश्न आजवर विचारलेला नाही.

अडणार होतं. ह्या मुलीनं एसवायला फील्ड प्रोजेक्टमध्ये त्यांच्या वाडीवरच्या अकरा बोअरवेलचं पाणी तपासलं होतं, हार्डनेस, ईडीटीएचं टायट्रेशन. वाइन रेडचा निळा होतो ते. बाकीच्यांनी आकडे एकमेकांचे उतरवले, हिच्या वहीत प्रत्येक बोअरची तीन तीन रीडिंग, आणि एका बोअरसमोर पेन्सिलनं लिहिलेलं, “परत करणे, शंका”. ते “परत करणे” वाचून मला कळलं की ही रिसर्चला चालेल. सीजीपीए वगैरे नंतर. तर हिला आता नायट्रेट बघायचंय, पावसाआधी आणि पावसानंतर, आणि नायट्रेटला तो यूव्हीचा दिवा लागतो. मी खरं ते सांगितलं, दिवा वेळेत आला तर ठीक, नाहीतर चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजात जाऊन रीडिंग घ्यावी लागतील, तिथल्या मॅडम ओळखीच्या आहेत, पण त्यांच्या वेळेनं.

बीए बीकॉमवाल्यांना दिव्याची कटकट नाही, पण तिथं हीच तपासणी लायब्ररीची करा. जर्नल घरून उघडता येतात का, एन-लिस्टचं (ऑनलाइन जर्नल-पुस्तकांची सोय) लॉगिन तुम्हाला दिलंय का की ते फक्त ग्रंथपालांच्या डायरीत आहे, आणि गाइड तुमच्या विषयातले आहेत का. ग्रामीण साहित्यावर काम करायचं असलेल्या मुलाला भाषाविज्ञानाचे गाइड मिळाले की दोघांचंही वर्ष रडत जातं.

तिसरं, जिथं जायचंय तिथं एक वर्षाचं पीजी खरंच सुरू आहे का. आराखड्यात आहे, युजीसीनं २०२४ मध्ये पीजीचा आराखडा काढला त्यात एक वर्षाची मास्टर्स स्पष्ट लिहिली आहे, पण आराखड्यात असणं आणि तुमच्या विषयाला, तुमच्या आवडीच्या विभागात, जागा असणं ह्यात फरक आहे. दिल्ली विद्यापीठ आपल्यापेक्षा एक वर्ष पुढं आहे, त्यांची चौथ्या वर्षाची पहिली बॅच २०२५-२६ ला बसली. ह्याच दिल्ली विद्यापीठानं २०१३ ला चार वर्षांची डिग्री आणली होती आणि २०१४ ला गुंडाळली, त्यामुळे “पुढं सगळं होईलच” ह्या वाक्यावर मी फार विसंबत नाही. तुम्ही काय करायचं, तर ज्या दोन-तीन विभागांत जायचंय त्यांच्या प्रमुखांना साधा मेल टाकायचा, माझं चार वर्षांचं ऑनर्स होईल, एक वर्षाच्या एमएस्सीला जागा किती, प्रवेश परीक्षा कुठली. उत्तर आलं तर छापून फाइलला लावा. नाही आलं तर तेही कळलं. आणि नियम असा की पीजी तुमच्या मेजरमध्ये (मुख्य विषय) किंवा मायनरमध्ये (जोडविषय) करता येतं, तेव्हा एफवायला कोणीतरी मित्र म्हणाला म्हणून घेतलेलं मायनर काय होतं तेही एकदा आठवा.

मार्कांचं गणित आत्ताच करा, निकालाची वाट बघू नका. समजा पाच सेमिस्टरचा सीजीपीए ७.३८ आहे. सहा सेमिस्टरला ७.५ हवा म्हणजे सहा गुणिले साडेसात, ४५. पाच गुणिले ७.३८ म्हणजे ३६.९. उरले ८.१. शेवटच्या सेमिस्टरला ८.१ लागेल, क्रेडिट सगळीकडे सारखे धरून. आधीच्या पाचात कधी ८ च्या वर गेला होतात का, नसेल तर प्लॅन बी आत्ताच ठेवा. सीजीपीएवरून टक्के काढायचं सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं, साडेसात म्हणजे पंचाहत्तर असं डोळे झाकून धरू नका, मार्कशीटच्या मागं बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा.

पैशाचं. शनिवारी त्या मुलीनं माझ्यासमोर पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. पुण्यात कॉट बेसिसवर पाच हजार, मेस साडेतीन हजार, महिन्याला साडेआठ, दहा महिन्यांचे ८५,०००, वर फी आणि येणं-जाणं. इथं राहिली तर एसटीचा सवलतीचा पास आणि घरचा डबा. तिच्या बाजूनं हा हिशोब संपला होता. पण मी तिला दुसरी बाजू पण लिहायला लावली, कारण ती कोणी लिहीत नाही. विद्यापीठाच्या विभागात एक वर्ष जास्त राहिलं की सेमिनार ऐकायला मिळतात, मोठी उपकरणं हाताळायला मिळतात, बरोबरची पोरं नेट आणि गेटचा अभ्यास करत असतात त्यांच्याबरोबर आपोआप आपण करतो, आणि दुसऱ्या वर्षी प्रकल्पाला गाइड निवडताना तुम्ही तिथले ओळखीचे असता. एक वर्षाच्या पीजीला गेलेला मुलगा जुलैत पोचतो आणि त्याला कँटीन कुठं आहे ते कळेपर्यंत पहिली सेमिस्टर संपते. ह्याची किंमत ८५,००० आहे का, ते ज्याचं त्यानं ठरवावं. माझ्यापुरतं विचाराल तर, विभाग चांगला असेल आणि घरून झेपत असेल तर मी बाहेर जा म्हणते. इथं रहा म्हणायला मला काहीतरी ठोस कारण लागतं.

कागदपत्रांचं पटकन सांगते. डिजिलॉकर उघडून एबीसीमध्ये, म्हणजे क्रेडिटच्या बँक खात्यात, सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट दिसतायत का बघा, एका मुलीचे दुसऱ्या सेमिस्टरचे क्रेडिट आलेच नव्हते आणि ते शोधायला दोन महिने गेले. शिष्यवृत्ती असेल तर महाडीबीटीवर तुमच्या कॉलेजचं चौथं वर्ष दिसतंय का ते प्रवेशाआधी स्कॉलरशिपच्या टेबलवर विचारा, नंतर नाही. हॉस्टेलला असाल तर तिथला नियम तीन वर्षांचा आहे का बघा. आणि चौथ्या वर्षात मध्येच सोडावं लागलं तर तीन वर्षांची डिग्री कधी आणि कशी मिळेल हे ऑफिसात लेखी विचारा. लेखी म्हणजे अर्जावर इनवर्ड नंबर घेऊन. तोंडी सांगणारे क्लार्क बदलून जातात.

तर ते शनिवारचं. सगळं ऐकून मुलगी गप्प होती, तिला पुण्याला जायचं होतं हे मला दिसत होतं. सीजीपीए ७.९, म्हणजे तो प्रश्न नव्हता. मी विचारलं, पुण्यात तुला चौथ्या वर्षी काय मिळेल जे इथं नाही? म्हणाली, दिवा. आम्ही तिघंही हसलो. मग मी विचारलं, आणि इथं काय आहे जे तिथं नाही? तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, “बोअर.” खरंच होतं ते. मे महिन्यात पाणी तळाला गेल्यावर एकदा आणि पाऊस झाल्यावर परत एकदा, त्याच अकरा बोअरचे नमुने घ्यायचे तर वर्षभर गावातच पाहिजे, आणि बोअरवाल्या प्रत्येक घरात हिला ओळखतात, बाटली घेऊन दारात गेली तर कोणी हाकलत नाही. हे ठोस कारण होतं. माझ्या शब्दाबाहेर मला जाता येईना.

अजून नक्की नाही, ती जॅमचा फॉर्म भरणार आहे, लागली तर बोअरची वही धाकट्या कोणाकडे तरी देऊन जाईल. नाही लागली तर इथं रिसर्च, दिव्याची जबाबदारी माझी. निघताना वडील दारात थांबले, चप्पल घालता घालता म्हणाले, “मॅडम, ते मे महिन्यातलं पाणी म्हणताय ना, आमच्या खालच्या बोअरला मेमध्ये पाणीच नसतं. ती धरू नका, दहाच धरा.” मुलीनं तिथंच वही काढली आणि यादीतल्या सातव्या नंबरवर काट मारली.